डोक्यावर पालथा हात

"आई, तू मुंगीवर हात उगारतेस का?"

लेकीनं हे विचारलं तेव्हा तिच्या पायातली एकच चप्पल निघाली होती. खांद्यावर तिची पोर, मुंगी, झोपलेली, मनगटाला अडकवलेल्या पिशवीत ओले कपडे, आणि दार अजून उघडंच. आजीला तो प्रश्न ऐकू आला नाही. तिनं तो पाहिला. 'मुंगी' म्हणताना लेकीचे ओठ मिटून उघडले, 'हात'ला तोंड वासलं, 'उगारतेस'ला ओठांचा चंबू झाला आणि मग सगळा चेहरा थांबून राहिला, उत्तराची वाट बघत. आजीनं हातातली जपमाळ मांडीवर ठेवली. "मी? अगं, काहीतरीच काय!" ती म्हणाली. आपला आवाज केवढा लागला याचा तिला अंदाज आला नाही, पण मुंगीनं झोपेत मान झटकली त्यावरून मोठाच लागला असणार.

लेकीनं दुसरी चप्पल काढली, दार लोटलं, नातीला खाटेवर टाकलं आणि समोर येऊन बसली. समोर बसली हे बरं झालं. पाळणाघरातल्या बाईंचं बोलणं तिनं जसंच्या तसं सांगितलं. त्यातलं निम्मं आजीला दिसलं आणि निम्मं तिनं सांधून घेतलं, तुटला धागा सांधावा तसं. आज सकाळचे तीन तास मुंगीला तिथं नुसतं ठेवून बघायचं होतं. सोमवारपासून एक जागा रिकामी होणार होती आणि बाईंची एकच अट होती: मूल डायपरशिवाय राहणारं हवं, स्वतःहून सांगणारं हवं. तीन तासांत मुंगीनं तीनदा चड्डी ओली केली. तेवढ्याचं काही नव्हतं, नव्या जागी पोरांचं होतंच. पण तिन्ही वेळा ती आधी बाईंच्या पुढ्यात येऊन उभी राहिली, डोक्यावर हात ठेवला, त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली, आणि मग तशीच, उभ्याउभ्या. "मार चुकवायला पोरं ठेवतात ना, तसा हात, म्हणाल्या त्या. मला बाजूला घेऊन विचारलं, घरी हिला कोण सांभाळतं? मी काय सांगणार? म्हटलं, माझी आई." हे म्हणताना लेकीनं मान खाली घातली, त्यामुळे शेवटचे दोन शब्द आजीला सांधूनच घ्यावे लागले. पण ते सोपे होते.

हात कसला, ते आजीला तेव्हाच कळलं होतं. एक वाक्य होतं, आणि ते अगदी दातांपर्यंत आलं होतं. ते गिळून ती म्हणाली, "दमली असेल गं. नवी जागा, नवी माणसं." लेकीनं मान हलवली. ती पटल्याची होती की नव्हती, हे आजीला ओळखता आलं नाही. ओठ वाचता येतात. मान वाचणं त्याहून कठीण.

गिरणीच्या विणाई खात्यात ती एकतीस वर्षं होती. चार माग तिच्या अंगावर, चार पलीकडच्या बाईच्या, आणि अशा ओळीमागून ओळी. धागा नेणारे धोटे इकडून तिकडे आपटत असायचे आणि त्या आवाजात माणसाचं तोंड म्हणजे नुसतं जेवायचं भोक. बोलायचं ते हातांनी. नाकाला चिमटा म्हणजे मुकादम येतोय. गालावर दोन बोटं म्हणजे आज पोर आजारी आहे, मन लागत नाही. आणि डोक्यावर पालथा हात म्हणजे मी जाऊन येते, माझ्या मागांकडे बघ. माग छातीइतके उंच, म्हणून हात डोक्यावर. म्हणजे तिसऱ्या ओळीतूनही दिसावा. ओळीच्या टोकाला खिळ्याला एक लाकडी बिल्ला टांगलेला असे. बिल्ला असेल तर जायचं, नसेल तर तो घेऊन गेलेली परत येईपर्यंत पाय आवळून उभं राहायचं. एका पाळीत दोनदा. मुकादम तोंडानं काही बोलत नसे, नुसता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघे, आणि त्या बघण्यानं बाईमाणसाला मेल्याहून मेल्यासारखं होई. तिथली पाणी कमी पिण्याची सवय तिला अजून आहे. लेक म्हणते, "आई, उंटासारखी राहतेस तू." आजी हसते. हे वाक्य लेक पाण्याचा पेला समोर धरून म्हणते, म्हणून कळतं.

ऐकू येणं एका दिवशी गेलं नाही. ते असं गेलं की जाताना कोणाला दिसलं नाही, पाहुणा न सांगता उठून जावा तसं. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग दारावरची टकटक, मग मागून मारलेल्या हाका. उजव्या कानात आता काहीच नाही. डाव्यात कोणी जवळ येऊन मोठ्यानं बोललं तर भिंतीपलीकडे कोणी सामान हलवतंय असं वाटतं. नवरा गेल्यावर ती दोन खोल्यांत एकटीच राहायची, आणि एकट्या माणसाला ऐकायचं असतं तरी कोणाचं? फोनवर ती स्वतःच बोलत सुटे, जेवलीस का, बरी आहेस का, बरं ठेवते मग, आणि ठेवून देई. लेक सगळ्यांना कौतुकानं सांगायची की आमची आई फोनवर कोणाला तोंड उघडू देत नाही. रोज अंघोळ झाली की एक माळ, हा तिचा नेम कधी चुकला नव्हता, आणि माळ ओढताना तिला कधीकधी आपलंच हसू येई: देवा, मला तुझं ऐकू येत नाही हे सगळ्यांसारखंच झालं, पण तुला तरी माझं येतं ना?

सहा महिन्यांपूर्वी लेक स्वतः न्यायला आली. तिची रजा संपली होती, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत तिला सकाळी साडेआठला हजर व्हावं लागे. जावई लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर, त्याला तर रविवारही आपला नाही. "आई, तू आलीस तर मला घोर नाही," लेक म्हणाली होती. हे तिनं दिव्याखाली, समोरासमोर म्हटलं होतं आणि आजीला त्यातलं अक्षर न् अक्षर दिसलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. आधी वाटलं, पोचल्यावर सांगू. पोचल्यावर वाटलं, आठवडा जाऊ दे. आणि एकदा मुंगीनं गळ्यात हात टाकल्यावर ते सांगणं असं तळाला जाऊन बसलं की हाताला लागेना. कानांचं काम तिनं डोळ्यांवर टाकलं. पोर ज्या खोलीत, त्या खोलीत आजी. पोरीला झोपवायची तर पायाच्या घोट्यावर आपला हात ठेवून, म्हणजे ती हलली की कळावं. दाराशी कोणी आलं तर फरशी किंचित थरथरते, ते अनवाणी तळव्यांना कळतं. शेजारीण म्हणायची, "आजी, तुमच्यासारखं नातीला डोळ्यांत तेल घालून कोणी जपत नाही हो!" त्या तेलाची गोष्ट आजीलाच माहीत.

आणि पिवळं भांडं. प्लास्टिकचं, बदकाच्या तोंडाचं, जावयानं आणलेलं. पहिले आठ दिवस मुंगीनं ते डोक्यावर टोपीसारखं घातलं, बाहुलीला त्यात निजवलं, त्यात ठोकळे भरले. बसायचं म्हटलं की अंगाची कमान करायची. आजीला घाई नव्हती. एकतीस वर्षं घड्याळाकडे बघत जाऊन आलेल्या बाईला या बाबतीत कोणाला घाई करायची नव्हती. ती भांड्याशेजारी पाट टाकून बसायची आणि मुंगी भांड्यावर, आणि दोघी समोरच्या खिडकीतून पलीकडच्या इमारतीचे रंगारी बघत राहायच्या. तास जायचा. काही व्हायचं नाही. मुंगी उठायची, दोन पावलं चालायची आणि मग फरशीवर व्हायचं. आजी फडकं घ्यायची. "झालं? झालं ना? बरं झालं हो," म्हणायची, कारण होण्यासारखं दुसरं सुख नाही हे तिला ठाऊक होतं. तिला स्वतःला जावं लागे तेव्हा मुंगी घाबरी होई, म्हणून ती दार उघडंच ठेवी आणि जाताना, मनात काही नसताना, डोक्यावर पालथा हात ठेवी. मी जाऊन येते, इकडे बघ. हात आपला आपणच जाई. भांड्यावर बसायला लागल्यापासून पाचव्या-सहाव्या दिवशी ठोकळे टाकून मुंगी उठली, आजीच्या समोर येऊन उभी राहिली, आणि आपला एवढासा पंजा तिनं डोक्यावर पालथा टेकवला. आजी असली तरी अंगावरचे माग सोडून धावावं तशी धावली. भांड्यात झालं. पहिल्यांदा. दोघींनी वाकून ते असं बघितलं जसं काही विहिरीला पाणी लागलं. त्या दिवसापासून सतरा दिवस झाले, दिवसाउजेडी एकही चड्डी भिजली नव्हती. संध्याकाळी लेक आली की आजी म्हणे, "सांगते हो आता ती." लेक म्हणे, "शहाणी गं माझी!" आणि दमलेल्या हातांनी डायपर चढवी, कारण संध्याकाळी कोणाच्यात धावायचा जीव नसे, आणि रविवारी बाहेर जायचं तर नसती भानगड नको. सांगते म्हणजे कसं सांगते, हे लेकीनं विचारलं नाही. आजीच्याही लक्षात आलं नाही की ते सांगणं तोंडाचं नव्हतं. तिच्या कानांना तोंडाचं आणि हाताचं सारखंच होतं.

पण मुंगीच्या लक्षात आलं होतं. आता या शनिवारच्या दुपारी, झोपलेल्या पोरीच्या घोट्यावर हात ठेवून बसल्यावर आजीला ते कळत होतं. पावणेतीन वर्षांची पोर पहिल्यांदा तोंडानंच बोलली असणार. 'आजी, शू.' पाठीमागून म्हणाली असेल, खोलीच्या त्या कोपऱ्यातून म्हणाली असेल, एकदा, दोनदा, दहादा. आजी वळलीच नाही. मग पोरीनं शोधून काढलं की या घरात दिवसा तोंडाचा उपयोग नाही; पुढ्यात जावं लागतं आणि हात वर करावा लागतो. मुंगी बोलत का नाही अजून, म्हणून लेक कधीची काळजीत होती. डॉक्टर म्हणाले होते, चार मुलांत सोडा, बोलेल. पाळणाघराचा सगळा खटाटोप त्यासाठी होता. कोणालाही माहीत नव्हतं की ती चांगली बोलत होती. फक्त तिची भाषा गिरणीतली होती, आणि ती जाणणारं जगात बहुधा एकच माणूस उरलं होतं.

रात्रीच्या जेवणाला जावयानं विषय हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. "आई, माझ्या लिफ्ट अडकतात आणि हिचं पाणी अडकत नाही. दोघींची बदली करून टाकू." आजी वेळेवर हसली; त्याच्या डोळ्यांकडे बघून हसायची वेळ कळायची. मग लेक काहीतरी म्हणाली, पाठ करून, ताटं उचलताना, आणि जावयाचं हसू विझलं. त्यानं आजीकडे बघितलं आणि लगेच पाण्याच्या तांब्याकडे. ते बघणं आजीला ओळखीचं होतं. मुकादमाचं होतं. आयुष्यात तिनं कोणाच्या पोराला चापट मारली नव्हती. स्वतःच्या पोरीला मारायला ती घरीच नसायची. ही लेक लहान असताना डायपर नव्हतेच, तिचं हे सगळं कोणी केलं? सासूबाईंनी केलं असेल, शेजारणीनं केलं असेल. कधीतरी पाळीवरून आल्यावर कोणीतरी म्हणालं, सांगते हो आता ही. तेव्हाही आजीनं विचारलं नव्हतं, कशी सांगते.

अंथरुणावर पडल्यापडल्या तिनं दोन्ही बाजू मांडून बघितल्या, आणि दोन्ही वाईट निघाल्या. सांगितलं, तर पोर सुटेल आणि आपण सापडू. बहिऱ्या म्हातारीच्या भरवशावर कोण मूल टाकून जाईल? आपण लेक असतो तर टाकलं असतं का? नसतंच. दोन खोल्या, कुलूप, एक माळ, एका माणसाचं जेवण. आणि न सांगितलं तर काय? न सांगितलं तर मुंगी सोमवारी परत ओली होईल, बाई जागा दुसऱ्या कोणाला देतील, लेकीला दुसरं कोणी मिळणार नाही, आणि मुंगी घरीच राहील. आपल्यापाशी. मारकी म्हातारी म्हणून चार दिवस लोक वाईट बघतील, मग विसरतील. हा विचार आजीनं केला नव्हता. तो नुसता येऊन शेजारी निजला होता, आणि ऊबदार होता, आणि म्हणूनच तिला त्याची शिसारी आली. कारण पंधरा दिवसांपूर्वीचा तो प्रकार होता. ती मोरीत पिवळं भांडं विसळत होती, पाठ खोलीकडे, दोन मिनिटं. वळली तर मुंगी कपाटाच्या खणापाशी, बोटं खणात चेंगरलेली, तोंड जेवढं उघडेल तेवढं उघडलेलं, चेहरा काळानिळा. किती वेळ ओरडत होती? भांडं दोनदा विसळलं होतं, एकदा पुसलं होतं. तेवढा वेळ. संध्याकाळी तिनं लेकीला सांगितलं, "बोट चेंगरलं, पण लगेच काढलं मी." लगेच! त्या दिवसापासून माळ ओढताना तो शब्द प्रत्येक मण्याला चिकटून येत होता.

आणि मग, कुठून कोण जाणे, पलीकडच्या मागावरची ती बाई आठवली. रुंद चेहऱ्याची, दात पुढे, शिव्या हातांनी देणारी. लेक पोटात होती, सातवा महिना सरत आलेला, आणि आजीनं डोक्यावर हात ठेवला होता. पण बिल्ला खिळ्याला नव्हता. ती उभी राहिली. मागाचा थरथराट फरशीतून पायांत, पायांतून ओटीपोटात चढत होता. तिनं दोनदा हात ठेवला, तीनदा ठेवला, आणि मग ठेवलेला हात तसाच डोक्यावर असताना झालं. गरम, थेट टाचांपर्यंत. एवढी चोवीस वर्षांची बाई. तिनं खाली बघितलं नाही, समोरच्या कापडाकडे बघत राहिली, त्यावर धागा सुटून रेघ पडत चालली होती तीही तिला दिसत होती आणि हात खाली येत नव्हता. तेवढ्यात अंगावर गार पाण्याचा लोट आला. पलीकडच्या बाईनं प्यायच्या पाण्याचा अख्खा डबा तिच्यावर ओतला होता आणि आता दोन्ही हात नाचवून मुकादमाला दाखवत होती की मी धांदरट, मी आंधळी, पाय घसरला माझा. सगळीच ओली. फरशी ओली, लुगडं ओलं, कोणाला काही कळलं नाही. त्या बाईचा एक दिवसाचा रोज कापला गेला. ती पुढं कधी त्याबद्दल एक बोटही हलवून बोलली नाही. आजीनं हे कोणाला सांगितलं नव्हतं: नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवाला सांगायची वेळ आली नाही. तो तिथंच असणार.

रविवारी जावई कामावर गेला आणि लेक म्हणाली, "आज मी बघते हिच्याकडे. तू बस." 'तू बस' हे मायेनंही म्हणता येतं आणि बाजूला सारायलाही. आजी खिडकीपाशी खुर्चीवर बसली, माळ घेतली. लेकीनं मुंगीला डायपर काढून नुसती चड्डी घातली, पिवळं भांडं खोलीच्या मधोमध आणून ठेवलं आणि फरशीवर तिच्याबरोबर ठोकळे मांडत बसली. तासाभरानं मुंगी उठली. आजीला ते आधीच दिसलं होतं. टाचा कशा उचलल्या, गुडघे कसे जवळ आले, खालचा ओठ कसा आत गेला. मुंगी आईसमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं डोक्यावर पालथा हात ठेवला.

लेकीचा चेहरा बघवत नव्हता. बाईंनी सांगितलेलं तिला आता डोळ्यांनी दिसत होतं. तिनं एकदम दोन्ही हातांनी पोरीला छातीशी ओढलं, तो हात डोक्यावरून काढून त्याचे पापे घेतले, आणि ओठ पोरीच्या कानाशी नेऊन काहीतरी म्हणत राहिली, आजीला एवढंच दिसलं, "कोणी नाही मारत, कोणी नाही." मुंगीनं हात सोडवून परत डोक्यावर ठेवला. लेकीनं परत काढला. मग मुंगीनं मान वळवून आजीकडे बघितलं. ती रडत नव्हती, चिडली नव्हती. तिसऱ्या ओळीतून बघावं तशी ती बघत होती, माझ्या मागांकडे बघ म्हणून. आणि पलीकडची बाई आपल्या जागी बसून मणी ओढत होती. एक मणी. आणखी एक. लेकीच्या मांडीवरचा गाऊन काळपट होत गेला, ओल पसरत गेली, आणि मुंगीनं आजीवरची नजर काढून घेतली.

आजीला वाटलं होतं, हे सहन होईल. ते झालं नाही. लेक पोरीला कडेवर घेऊन कोरडी चड्डी आणायला वळली तेव्हा आजी उठली, माळ खुर्चीवरच राहिली, नेम अर्धा. ती खोलीच्या मधोमध आली आणि म्हणाली, "तिला जायचं होतं."

लेक वळून काहीतरी म्हणाली. फार वेगानं म्हणाली.

"सावकाश बोल," आजी म्हणाली. "मला ऐकू येत नाही."

मग बाकीचं सोपं होतं. गाठ सुटल्यावर दोरा ओढायचा तेवढं. बिल्ला, खिळा, हात. "ती मार चुकवत नाही, ती रजा मागते. माझ्याकडून शिकली. मी शिकवलं नाही, पण माझ्याकडूनच." लेक ऐकत होती, मुंगी तिच्या कडेवर, दोघींच्या अंगाला ओल. आजीनं खणाचंही सांगितलं. "लगेच नाही काढलं मी बोट. कधी काढलं, मलाच माहीत नाही. ती ओरडत होती आणि मी भांडं पुसत होते." हे सांगताना तिला पहिल्यांदा आपल्या आवाजाची भीती वाटली नाही, मोठा लागो की बारीक.

लेक खाटेच्या कडेला बसली. "कधीपासून?" तिच्या ओठांवर आलं.

"तू शाळेत होतीस तेव्हापासून कमी कमी होत गेलं. इथं यायच्या आधी चार-पाच वर्षं तर जवळजवळ काहीच नाही."

"तू मला एका शब्दानं सांगितलं नाहीस."

"तू म्हणाली होतीस, मला घोर नाही."

लेकीनं तोंडावर हात घेतला. हात असेपर्यंत आजीला काही कळायचा मार्ग नव्हता, म्हणून ती नुसती उभी राहिली. मग हात निघाला आणि लेक सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलू लागली. असं बोलणं तिला आजवर कोणाशी करावं लागलं नव्हतं आणि ते तिला जमत होतं. "उद्या मी बाईंना सगळं सांगते. त्या हिला ठेवून घेतील. आणि आई, आता तू एकटी हिला घेऊन घरात नाही राहायचं." आजीनं मान हलवली. हे येणारच होतं. ते आलं तेव्हा ते फारसं जड वाटलं नाही, अंगावरचे माग दुसरीला देऊन निवृत्त झाल्या दिवशी वाटलं होतं तसंच, हात हलके आणि कुठं ठेवावेत ते कळत नाही.

पण लेकीचं संपलं नव्हतं. ती आजीच्या तोंडाकडे अशी बघत होती जशी हिशेब चुकलेल्या कागदाकडे बघतात, वरून खाली, परत वरून.

"म्हणजे दोन महिन्यांपूर्वी," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात. मी भांडी घासत होते. मी तुला सगळं सांगितलं. अर्धा तास सांगत होते. आमच्या दोघांचं. तू मागं बसली होतीस."

आजीला ती संध्याकाळ आठवली. लेकीची पाठ आठवली. खांदे वर गेलेले, मानेवरचे केस सुटलेले. नळ जोरात सोडलेला असावा, शिंतोडे उडत होते. पाठ मध्येच हलायची. आजीला वाटलं होतं, जोर लावून भांडी घासतेय.

"तू म्हणालीस, होईल सगळं नीट," लेक म्हणाली. "मी त्या एका वाक्यावर दोन महिने काढले."

"तू भांडी ठेवून वळलीस तेव्हा तुझे डोळे लाल होते," आजी म्हणाली. "म्हणून म्हणाले. का लाल होते ते मला माहीत नाही."

खिडकीबाहेर रंगाऱ्यांची परांची हलली, दोरावरून एक डबा वर चालला होता. आजीनं खुर्ची ओढली. माळ जमिनीवर पडली ती तिनं उचलली नाही. खुर्ची तिनं लेकीच्या अगदी समोर आणली, गुडघ्याला गुडघा लागेल अशी, आणि उजेड लेकीच्या तोंडावर पडेल अशी.

"आता सांग," ती म्हणाली.

लेकीचे ओठ उघडले. मग मिटले. तिनं मुंगीच्या केसांतून हात फिरवला, परत उघडले, आणि आजी पुढं वाकून बसली, पापणी न हलवता, एकही अक्षर निसटू नये म्हणून.

"नको आई," लेक शेवटी म्हणाली. "एकदाच सांगता आलं असतं ते. सांगून झालं."

मुंगी मांडीवरून खाली उतरली होती. दोघींच्या मध्ये उभी राहून तिनं आधी एकीकडे आणि मग दुसरीकडे बघितलं, आणि कोणाच्याही तोंडाकडे न बघता हात डोक्यावर नेला. आजी खुर्चीतून अर्धी उठली. लेक तिच्या आधी उठली होती. तिनं पोरीचं बोट धरलं, दुसऱ्या हातानं पिवळं भांडं उचललं आणि दोघी मोरीकडे निघाल्या. आजी परत बसली. दारापाशी पोचल्यावर लेक थांबली. तशीच पाठमोरी बोलणार होती, खांद्यावरून कळत होतं. मग ती पुरती वळली, उजेडात तोंड धरलं आणि सावकाश म्हणाली, "आम्ही जाऊन येतो."